एका सर्व्हरला दोन हार

दुसऱ्याचं भलं झालेलं पाहून ज्याला मनापासून आनंद होतो, तोच खरा मोठा माणूस. हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं असेल त्याला साडू नसणार.

मनोजला होता. भावेश त्याचं नाव. शेलार गावातल्या एकाच घरातल्या दोन बहिणी. थोरली उन्नती मनोजला दिलेली, धाकटी मृणाली भावेशला. साडू हे नातंच विचित्र. भाऊ असता तर वाटणीवरून भांडून मोकळं होता आलं असतं. मित्र असता तर बोलणं टाकता आलं असतं. साडूच्या शेजारच्या पाटावर मात्र दर दिवाळीला बसावं लागतं, “काय म्हणतंय काम?” असं विचारावं लागतं, आणि तो “मस्त चाललंय” म्हणाला की “वा” म्हणावं लागतं. त्या पंगतीतला पहिला पाट थोरल्या जावयाचा, म्हणजे मनोजचा. आयुष्यात आपण कुठेतरी पहिले आहोत याचा मनोजकडे तेवढाच पुरावा होता.

भावेशला कामाला लावलं तेही मनोजनेच. भिवंडीजवळ वडप्याला बाळाराम शेठची गोडाऊनं होती. बाळाराम शेठच्या वडिलांनी त्या जमिनीत भात लावला, शेठनी गोडाऊनं लावली, आणि दुसरं पीक जास्त आलं. दोन हजार सालानंतर गोडाऊनं इतकी झाली की गेटपास आणि बिलं हाताने लिहिणं परवडेना. तेव्हा शेठनी कॉम्प्युटर घेतले आणि ते एकमेकांना जोडायला मनोजला ठेवलं. पत्र्याखालून, ट्रकच्या उंचीच्या वरून, उंदरांच्या वाटा चुकवत गेलेली प्रत्येक वायर मनोजने स्वतः ओढली होती. ऑफिसच्या मागे काचेच्या दाराची एक खोली होती, तिच्यात सर्व्हर. अख्ख्या वडप्यात दिवसरात्र एसी चालणारी ती एकच जागा. त्यामुळे उन्हाळ्यात शेठकडे आलेला पाहुणा आधी सर्व्हर बघायला मागायचा.

एके दिवशी उन्नती म्हणाली, “मृणालीच्या नवऱ्याचं बघा ना शेठकडे. नेटवर्कचा कोर्स केलाय त्याने. आपलंच माणूस आहे.”

मनोजने हिशोब केला की शिडी धरायला कोणीतरी हवंच आहे. शेठकडे शब्द टाकला. भावेश आला. शिडी त्याने एकदाच धरली.

नेटवर्क सांभाळायची मनोजची पद्धत सरळ होती. कुठल्यातरी गोडाऊनमधून फोन यायचा, “मनोजशेट, नेट गेला.” मनोज मोटरसायकल काढायचा, तिथे जायचा, धुळीने माखलेला स्विच, म्हणजे तिथले कॉम्प्युटर जोडणारा डबा, बंद करून परत चालू करायचा आणि चहा पिऊन यायचा. वाटेत हमाल हात करायचे, ट्रकवाले “क्या मनोजभाई, फिर गया क्या?” विचारायचे. नेट गेलं नसतं तर मनोज नावाचा माणूस इथे नोकरीला आहे हे कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

मग शेठ एकदा मुंबईला एका व्यापारी पार्टीच्या ऑफिसात जाऊन आले आणि सगळं बिघडलं.

“मनोज, त्यांच्या भिंतीवर टीव्ही हाय,” शेठ म्हणाले. “टीव्हीवर त्यांची सगली गोडाऊनं. चालू हाय त्याला हिरवा ठिपका, बंद पडला का लाल. मानूस बसल्या जागी बघतो. आपल्याकडं कवा?”

“शेठ, त्याला वेगळं मशीन घ्यावं लागतं,” मनोज म्हणाला. “मोठं.”

शेठना मशीन घ्यायला आवडत नसे हे मनोजला माहीत होतं, म्हणूनच तो ‘मोठं’ म्हणाला होता. विषय मिटला असं त्याला वाटलं. तेवढ्यात मागून भावेश बोलला.

“मशीन नाही लागत, शेठ. व्हर्च्युअल अप्लायन्स मिळतं. नेटवर्कवर लक्ष ठेवणारं तयार मशीन, पण फाईलमध्ये. आत सगळं बसवूनच येतं. आपल्या सर्व्हरवर हायपरवायझर आहे, त्यात उतरवायचं आणि चालू करायचं.”

शेठच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. भावेश पुढे सरकला.

“असं बघा, तुमचं मागचं गोडाऊन एकच आहे, पण आत भिंती घालून तुम्ही गाळे पाडलेत. प्रत्येक भाडेकरू आपल्या गाळ्यापुरता राजा. हायपरवायझर म्हणजे सर्व्हरच्या आत भिंती घालणारा. आत्ता आत एक गाळा बिलिंगचा आहे, एक गेटपासचा. आपण अजून एक पाडायचा.”

“त्याच सर्व्हरात?”

“त्याच.”

“म्हंजे जागा तीच, भाडेकरू वाढला.”

“तेच.”

आपण आयुष्यभर जे करत आलो ते कोणीतरी कॉम्प्युटरच्या आतसुद्धा करतं हे ऐकून बाळाराम शेठना विज्ञानाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. “हा पोरगा समजावतो झ्याक,” ते मनोजला म्हणाले.

मनोज हसला. भावेश नोकरीला लागला त्या आठवड्यात टपरीवर चहा पिताना हायपरवायझर म्हणजे काय हे त्याला मनोजनेच समजावलं होतं. गाळ्यांचं उदाहरण देऊन. चहासुद्धा मनोजनेच पाजला होता.

“पडघ्याचा नवा गोडाऊन तयार होत आलाय,” शेठ पुढे म्हणाले. “दसऱ्याला मुंबईची दुसरी एक पार्टी बघायला येनार, भाड्यानं घ्यायला. तवर टीव्हीवर हे सगला दिसला पायजे. पडघ्याला एक इनचार्ज ठेवायचा हाय, सगल्या नेटवर्कचा. वडपा पन त्याच्याच हाताखाली. ज्याचा काम त्या दिवशी उठून दिसंल, तो इनचार्ज.”

दोघांनी मान डोलावली. मनोजच्या डोळ्यांपुढे दिवाळीची पंगत आली. पाट सरकला नव्हता, पण हलल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी भावेश फाईल घेऊन आला. ती सर्व्हरमध्ये उतरवायची तर हायपरवायझरचा पासवर्ड लागणार, आणि तो मनोजकडे होता.

“साडूभाऊ, पासवर्ड?”

“मी टाकतो.”

मनोजने डाव्या हाताने कीबोर्ड झाकला आणि उजव्याने पासवर्ड टाकला. परीक्षेत हुशार मुलगा शेजाऱ्यापासून पेपर झाकतो, तसा. भावेश सभ्यपणे छताकडे बघत राहिला.

“मेमरी किती द्यायची?” मनोजने विचारलं.

“चार जीबी लिहिलंय.”

“लिहितात ते. लॉजवर पण ‘फॅमिली रूम’ लिहिलेलं असतं. एक देतो. लागली तर बघू.”

“एकमध्ये उठणार नाही ते.”

“का नाही उठणार? तू पण आलास तेव्हा स्टुलावर बसत होतास. उठलास ना?”

भावेश वाद घालत बसला नाही. मनोजला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा यायचा. भावेशने फाईल निवडली, नाव दिलं, नेटवर्क जोडलं, मशीन चालू केलं. मशीन उठलं आणि दम लागल्यासारखं थांबलं. नकाशाचं एक पान उघडेपर्यंत ऑफिसातला चहा होऊन कप विसळून व्हायचे. मनोजने मान हलवली. “आपल्याकडे ही परदेशी थेरं नाही चालायची. हवामान वेगळं आहे.”

भावेश सरळ शेठकडे गेला. तांत्रिक काहीच बोलला नाही. “शेठ, गाळा मिळाला, पण नळाला पाणी नाही,” एवढंच म्हणाला.

शेठनी मनोजला बोलावलं. “मनोज, भाडेकरूचा पानी तोडायचा न्हाय. मी तोडला तवा मना वकील करावा लागला. तुला कोन देनार वकील?”

मनोजने मेमरी दिली. अप्लायन्स तरतरीत झालं, आणि त्याने जे केलं ते मनोजला बघवेना. ते स्वतःच नेटवर्कभर फिरलं. एकेका गोडाऊनचा स्विच शोधून काढला, त्याला लागलेले कॉम्प्युटर शोधले, प्रिंटर शोधले आणि भिंतीवरच्या टीव्हीवर हिरव्या टिकल्यांची रांगोळी मांडली. मनोजने शिडीवर उभं राहून जे वर्षानुवर्षं जोडलं होतं, ते अप्लायन्सने जेवणाच्या सुट्टीत मोजलं. वर एक लाल ठिपकाही दाखवला. कोपऱ्यातल्या गोडाऊनमधला प्रिंटर पावसाळ्याच्या आधीपासून मेलेला होता आणि कोणालाच पत्ता नव्हता. बातमी शेठपर्यंत पोचली, तिथल्या कारकुनापर्यंत सगळ्यात शेवटी.

आता फोन उलटे जाऊ लागले. गोडाऊनमधल्या माणसाला नेट गेल्याचं कळायच्या आत भावेश त्याला फोन करायचा. “तुमचा स्विच बंद पडलाय. वायर हलवा. हां, आला.” मनोजची मोटरसायकल ऑफिसबाहेर उभी राहून धूळ खाऊ लागली. टपरीवाल्याने विचारलं, “मनोजशेट, सुट्टीवर हाय काय?”

घरी वेगळंच टेलिकास्ट चालू होतं.

“मृणालीचा फोन होता,” उन्नती भाकरी थापता थापता म्हणाली. “म्हणे ह्यांना आता कुठे जावंच लागत नाही. बसल्या जागी सगळं दिसतं.”

“बसू दे. पोट सुटेल.”

“पडघ्याचा इनचार्ज कोण होणार ते दसऱ्याला कळणार म्हणे.”

“म्हणे नाही. कळणार.”

“आई विचारत होती, दिवाळीला पहिलं कोणाला ओवाळायचं.”

मनोजचा घास थांबला. “तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, दसरा होऊन जाऊ दे.”

“तू बायको माझी आहेस ना?”

“बहीण पण आहे ना मी तिची,” उन्नती म्हणाली आणि भाकरी उलटली.

त्यानंतर मनोज रोज सकाळी टीव्हीसमोर उभा राहून लाल ठिपका शोधायचा. पागडीच्या भाडेकरूच्या तब्येतीची चौकशी घरमालक ज्या आस्थेने करतो, त्या आस्थेने. सगळं हिरवं असायचं. भावेश मागून यायचा. “काय साडूभाऊ, सगळं ठीक ना?” मनोज म्हणायचा, “वा.”

दसरा आला. भिवंडीत दसऱ्याला लूमला, म्हणजे यंत्रमागाला, हार असतो, आणि ज्याचा लूम त्याचा हार. लूम मालकाचा असला तरी हार तो चालवणाराच घालतो. शेठच्या कंपनीतही तीच रीत. ड्रायव्हर आपल्या ट्रकला, फोर्कलिफ्टवाला आपल्या फोर्कलिफ्टला, आणि सर्व्हरला मनोज. कोणत्या मशीनवर कोणाची सत्ता आहे हे ज्याला विचारायची लाज वाटे, त्याने दसऱ्याला नुसती चक्कर मारावी.

मनोजने झेंडूचा जाड हार आणला होता. तो घालून होतो न होतो तोच भावेश आत आला. त्याच्या हातात त्याहून जाड हार, मध्ये आपट्याची पानं ओवलेला.

“हा कशाला?” मनोजने विचारलं.

“माझ्या मशीनला.”

“कुठंय तुझं मशीन?”

“ह्यातच आहे.”

“मग ह्याला घातलेला हार त्याला पोचतो.”

“असं कसं, साडूभाऊ? घरमालकाचा सत्कार केला म्हणजे भाडेकरूचा झाला का?”

“भाडेकरूने आपल्या दाराला तोरण लावावं.”

“दार असतं तर लावलं असतं.”

शेठच्या आई जानकीबाई पूजेचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. शेठच्या घरातला आणि कंपनीतला शेवटचा शब्द त्यांचा. “घाल रं त्याचा पन,” त्या म्हणाल्या. “दोन हार घातले म्हनून देव कवा रागावलाय?”

भावेशने घातला. त्याच्या हाराखाली मनोजचा हार दिसेनासा झाला. मनोजने आपला थोडा खाली ओढून घेतला. भावेशने आपला नीट पसरला. मनोजने आपला आणखी खाली घेतला. सर्व्हर समोरच्या जाळीतून थंड हवा आत ओढतो आणि मागून गरम हवा सोडतो, हे दोघांनाही पाठ होतं. दोघांनी ते परीक्षेत लिहिलं होतं. थोड्या वेळाने जाळी कुठे आहे ते दिसत नव्हतं.

जानकीबाईंनी निरांजन लावलं. विझलं. परत लावलं, परत विझलं. “तो वारा बंद करा आदी,” त्यांनी एसीकडे बोट दाखवलं. एसी बंद झाला. ओवाळून झाल्यावर त्यांनी सर्व्हरपुढे समई ठेवली आणि बजावलं, “हिचा त्याल संपस्तोवर वारा लावायचा न्हाय.” कोणी ऐकणार नाही याची त्यांना खात्री होती, म्हणून जाताना त्यांनी एसीचा रिमोट कनवटीला लावून नेला.

पार्टी आली. एक मॅनेजर, आणि त्यांच्याबरोबर एक माणूस, तो फक्त पेढे खात होता. शेठनी दोघांना टीव्हीसमोर उभं केलं. एका बाजूला मनोज, दुसऱ्या बाजूला भावेश, लग्नात दोन्हीकडचे मामा उभे राहतात तसे.

“ये देखो, पूरा गोडाऊन इधर से दिखता है,” शेठ म्हणाले. “हरा माने चालू. कुछ बंद पडा तो लाल.”

सगळं हिरवं होतं. मनोज तळमळत होता. मग नकाशाच्या बरोबर मध्यावरचा एक ठिपका पिवळा झाला. तो सर्व्हरचा होता. पिवळा म्हणजे मशीन तापतंय.

मनोजने भावेशकडे पाहिलं, भावेशने मनोजकडे. दोघे मागच्या खोलीत गेले. खोली भट्टीसारखी झाली होती. समई शांतपणे जळत होती. झेंडूच्या मागून सर्व्हरचे पंखे रडत होते.

“हार काढ तुझा,” मनोज हळू आवाजात म्हणाला.

“वर माझा आहे. जाळीवर तुमचा आहे.”

“माझा दरवर्षी असतो. कधी काही झालं नाही.”

“दरवर्षी तो वर असायचा. आज तुम्ही खाली ओढला.”

“का ओढला? तू झाकलास म्हणून.”

“बरं, दोन्ही काढू.”

“काढ.”

“तुम्ही काढा. थोरले आहात.”

“थोरला आहे म्हणूनच सांगतोय, काढ.”

आपल्या मशीनचा हार दसऱ्याच्या दिवशी आपल्याच हाताने काढायचा, तोही पूजेचा दिवा चालू असताना, याचा अर्थ दोघांना कळत होता. जानकीबाईंनी विचारलं असतं, कोणी काढला? आणि त्या प्रश्नाचं उत्तर पडघ्यापर्यंत गेलं असतं. एसी लावावा तर रिमोट कनवटीला. दोघे हात मागे बांधून मशीनकडे बघत उभे राहिले.

पंख्यांचा आवाज वाढत वाढत शिट्टीसारखा झाला आणि थांबला. फार तापलं की सर्व्हर स्वतःला बंद करून घेतो. त्याला कोणाचं मन राखायचं नसतं.

मग मात्र दोघांनी हार काढले. मनोजने भावेशचा आणि भावेशने मनोजचा.

ऑफिसात परत आले तेव्हा टीव्हीवर सगळं हिरवंगार होतं. मधला तेवढा एक पिवळा. सर्व्हर पडला तेव्हा त्याच्या पोटातलं बिलिंग पडलं, गेटपास पडला आणि अप्लायन्सही पडलं. कोण मेलं ते सांगायचं काम ज्याचं, तेच मेलं होतं. त्यामुळे त्याने शेवटचं काढलेलं चित्र टीव्हीवर तसंच राहिलं होतं.

“ये पीला क्या है?” मॅनेजरनी विचारलं.

“आज पूजा हुआ न उसका,” शेठ म्हणाले. “हार चढाया है.”

मॅनेजरनी आदराने मान हलवली.

शेठचा मोबाईल वाजला. फोनवरचा आवाज टीव्हीपर्यंत ऐकू येत होता. “शेठ, गेटपास निघत न्हाय. गाड्या थांबल्यात.”

“खोटा नको बोलू,” शेठ म्हणाले. “मी समोर बघतोय. हिरवा हाय तुझा.”

“अहो शेठ, बंद हाय.”

“मंग मी काय आंधला हाय? वायर हलव.” त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या गेटवरून वाजला. त्यालाही त्यांनी हिरवा असल्याचं कळवलं.

मनोज ज्या क्षणाची वाट बघत होता तो हाच होता. साडूचा नकाशा धडधडीत खोटं बोलतोय, एवढंच सांगायचं होतं. पण का खोटं बोलतोय ते सांगायचं तर सर्व्हर बंद पडलाय हे सांगावं लागलं असतं, आणि सर्व्हर मनोजचा होता. भावेशलाही सांगता आलं असतं की मनोजचा सर्व्हर बंद पडला. पण मग सगळ्यात आधी विचारलं गेलं असतं की तुझ्या नकाशाला ते का नाही कळलं. दोघे गप्प उभे राहिले. दोघांची लग्नं झाल्यापासून त्यांचं असं एकमत कधी झालं नव्हतं.

“बढिया सिस्टम है,” मॅनेजर म्हणाले. शेठ त्यांना गाडीत घालून पडघ्याला घेऊन गेले. गाडी फाटकाबाहेर पडल्याबरोबर दोघे मागे धावले, पुठ्ठ्यांनी वारा घालून सर्व्हर थंड केला आणि चालू केला. अप्लायन्स उठताना भावेशने विचारलं, “पासवर्ड?” आणि मनोजने कीबोर्ड न झाकता टाकला. भावेश तरीही छताकडेच बघत होता. हे मनोजला लागलं.

संध्याकाळी शेठ परत आले. दोघांच्या हातावर आपट्याची पानं ठेवून “सोना घ्या,” म्हणाले. दोघांनी वाकून नमस्कार केला. खरं तर मनोज आधी वाकला, पण भावेश जास्त वाकला.

“पार्टी खूश,” शेठ म्हणाले. “पडघा पूरा घेतला. आजच बोलनी झाली.”

“मग शेठ,” मनोजने घसा साफ केला, “इनचार्जचं काय ठरवलं?”

“कसला इनचार्ज?”

“पडघ्याचा. नेटवर्कचा.”

शेठना आठवायला थोडा वेळ लागला.

पार्टी खताची होती. पडघ्याला ती फक्त गोण्या ठेवणार होती. तिथे कॉम्प्युटर लागणार नव्हता, एक वॉचमन लागणार होता, आणि तो पार्टीकडे होता.